कचरा डेपोचं काळं पाणी आणि नत्र धरणारी झाडं: उंची नंतर मोजा, आधी गाठी बघा

गिरिपुष्पाचं ते झाड बघून कुणीही खूश झालं असतं. कचरा डेपोच्या कुंपणाला लागून लावलेलं, दोन पावसाळे पाहिलेलं, डोक्याच्या वर गेलेलं. पानं इतकी गर्द की कुणीतरी गुपचूप युरिया टाकतंय असं वाटावं. रस्ता रुंद करताना जेसीबीने ते उपटलं तेव्हा मी सवयीने मुळं चाचपली. बारीक मुळ्या भरपूर होत्या, पण गाठ औषधालाही नव्हती. तिथून दोनशे पावलांवर, चढाच्या बाजूला, त्याच खेपेतलं दुसरं झाड होतं. कमरेएवढं, पिवळसर. त्याच्या बुडाशी खुरप्याने उकरलं तर मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. एक नखाने फोडली, आतून गुलाबी निघाली.

पहिलं झाड उताराला होतं. डेपोतून झिरपणारं काळं पाणी त्याच्या मुळाशी येत होतं. ते झाड नत्र धरत नव्हतं, फुकटचं नत्र पीत होतं. वृक्षारोपणाच्या अहवालात मात्र त्याची नोंद 'उत्तम वाढ' अशीच झाली असणार.

हा लेख त्यासाठीच आहे. तुमच्या गावाजवळ डेपो असेल, तिथे करंज, शिरीष, गिरिपुष्प लावायचा विचार असेल, किंवा कुणी 'हेच पाणी पातळ करून झाडांना घालू' असं सुचवत असेल, तर सहा महिन्यांचा एक प्रयोग रोपवाटिकेत स्वतः करून बघता येतो. खर्च फार नाही. चिकाटी मात्र लागते.

आधी हे पाणी म्हणजे काय ते

पावसाचं पाणी आणि कचऱ्यातला स्वतःचा ओलावा ढिगातून खाली उतरतो, वाटेत जे विरघळेल ते घेऊन बाहेर पडतो. कागदोपत्री त्याला लीचेट म्हणतात, डेपोशेजारचे लोक 'काळं पाणी'. ढीग नवा असेल तर हे पाणी आंबूस असतं, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली, आणि सडणारा सेंद्रिय माल त्यात ठासून भरलेला. ढीग जुना झाला की सामू साडेसात-आठच्या वर जातो, सडण्यासारखं फारसं उरत नाही, पण अमोनिया मात्र पुढची अनेक वर्षं हटत नाही. सोबत सोडियम, क्लोराइड, थोडेफार जड धातू. धातूंची भीती सगळ्यांना वाटते, पण जुन्या ढिगात ते बरेचसे सल्फाइड आणि कार्बोनेट होऊन कचऱ्यातच अडकून राहतात. रोपाला पहिला फटका बसतो तो बहुधा क्षारांचा आणि अमोनियाचा.

आता झाडाच्या बाजूने बघू. करंजाच्या मुळावरची गाठ म्हणजे भाडेकरूची खोली. आत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात, हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. हा सौदा स्वस्त नाही: नत्राचा एक रेणू फोडायला निदान सोळा एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी) खर्ची पडतात. त्यामुळे मातीत तयार नत्र मिळालं की झाड भाडेकरू ठेवणं बंद करतं. नव्या गाठी धरत नाहीत, असलेल्या मंदावतात. ही झाडाची हुशारीच, रोग नव्हे.

काळं पाणी याच्या जोडीला आणखी चार गोष्टी करतं. क्षारांमुळे मूळकेस नीट वळत नाहीत, म्हणजे जिवाणूला आत शिरायचं दारच मिळत नाही. सडका सेंद्रिय माल मातीतला प्राणवायू खाऊन टाकतो आणि गाठ गुदमरते. या पाण्यात नत्राच्या मानाने स्फुरद (फॉस्फरस) फार कमी असतं, आणि गाठींना स्फुरदाची भूक जास्त. चौथी गोष्ट सामूची. अमोनियाचा विषारी, वायुरूप भाग २५ अंश तापमानाला सामू ७ असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, सामू ८ ला पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाच्या पुढे. आपल्या काळ्या मातीचा सामू मुळात आठच्या आसपास असतो. म्हणजे कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीत रोपाने सहन केलेलं पाणी देशावर त्याच रोपाला जाळू शकतं. दुसऱ्या गावचा निकाल आपल्याकडे चालेल असं धरू नका, असं म्हणतो ते याचमुळे.

पायरी १: पाणी आणणं

डेपो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. पाणी उघड्या नाल्यातून किंवा साठवण टाकीच्या वरून, दोरीला बांधलेल्या बादलीने काढा. झाकलेल्या खड्ड्यात, मॅनहोलमध्ये उतरायचं नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो, आणि त्याचा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो. माणसं अशीच जातात. गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि सोबतीला माणूस हवाच.

एका वेळी चाळीस-पन्नास लिटर पुरे. कॅन काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, सावलीत गार जागी ठेवा. दर महिन्याला नवं पाणी आणा आणि तारीख कॅनवर लिहा. पावसाळ्यातलं पाणी पातळ असतं, मे महिन्यातलं दाट. तारीख नसेल तर पुढे आकड्यांचा अर्थच लागत नाही.

पायरी २: तपासणी

प्रयोगशाळेत किमान पाच गोष्टी तपासून घ्या: सामू, विद्युत वाहकता (ईसी, म्हणजे पाण्यात क्षार किती त्याचं माप), अमोनियाचं नत्र, क्लोराइड आणि सीओडी (पाण्यातला सेंद्रिय माल रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू). परवडलं तर बीओडी (तोच माल जिवाणूंनी सडवताना लागणारा प्राणवायू), सोडियम आणि शिसं, कॅडमियम, जस्त. अमोनियासाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. त्यात आधीच आम्ल घातलेलं असतं, नाहीतर वाटेतच अमोनिया उडून जातो.

तुलनेसाठी नियम हाताशी ठेवा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत जमिनीवर सोडायच्या लीचेटसाठी विरघळलेले क्षार लिटरला २१०० मिलिग्रॅम, क्लोराइड ६०० आणि बीओडी १०० अशा मर्यादा होत्या. नदी-नाल्यात सोडायचं असेल तर अमोनियाचं नत्र ५० आणि सीओडी २५० च्या आत हवं होतं. गंमत अशी की जमिनीच्या रकान्यात अमोनियासमोर आकडाच नव्हता, नुसती आडवी रेघ. आपल्या झाडांच्या दृष्टीने तीच रेघ सगळ्यात महत्त्वाची.

पायरी ३: झाडं निवडणं, आणि इथे होणारी मोठी गफलत

शेंगा धरणारं प्रत्येक झाड नत्र धरत नाही. गुलमोहर, पीतमोहर, बहावा, चिंच, कांचन, काशीद या सगळ्यांना शेंगा येतात, पण मुळांवर गाठी येत नाहीत. 'नत्रस्थिरीकरण करणारे वृक्ष' म्हणून छापलेल्या याद्यांत मी ही नावं किती वेळा पाहिली आहेत, मोजणं सोडून दिलं. खरोखर गाठी धरणारे म्हणजे करंज, शिरीष, गिरिपुष्प, सुबाभूळ, बाभूळ, खैर, पांगारा, हादगा, पर्जन्यवृक्ष. सुरू शेंगवर्गीय नाही, पण त्याच्याही मुळांवर गाठी येतात. तिथला भाडेकरू वेगळा, फ्रँकिया नावाचा.

प्रयोगासाठी तीन झाडं घ्या. करंज, कारण तो खाडीकाठी, भरतीच्या पाण्याशेजारीही आपसूक वाढतो, म्हणजे क्षार सोसणारा. शिरीष, कारण बी सहज मिळतं आणि उगवण भराभर होते. तिसरा मुद्दाम गाठी न धरणारा काशीद. तो कशाला? काळ्या पाण्याने काशीदही हिरवागार झाला, तर ती हिरवाई पाण्यातल्या नत्राची, गाठींची नव्हे, हे सरळ दिसतं. हा साक्षीदार नसेल तर पुढचे सगळे निष्कर्ष हवेत राहतात.

पायरी ४: सहा तऱ्हेचं पाणी

सगळ्या प्रयोगाचा जीव या पायरीत आहे. बहुतेक जण साधं पाणी आणि काळं पाणी एवढीच तुलना करतात. रोप खुरटलं की 'विषारी', तरारलं की 'खत' म्हणून मोकळे होतात. काळ्या पाण्यात खत आणि मीठ दोन्ही आहे. ते वेगळं करून बघायला हवं.

समजा तपासणीत अमोनियाचं नत्र लिटरला १२०० मिलिग्रॅम आलं आणि ईसी १५ (डेसिसिमेन्स प्रति मीटर). तुमच्या बोअरच्या पाण्याची ईसी ०.५ धरू. मग सहा कॅन असे भरा:

१. नुसतं बोअरचं पाणी.
२. पाच टक्के काळं पाणी.
३. दहा टक्के. यात नत्र लिटरला १२० मिलिग्रॅम, ईसी साधारण १.९५.
४. पंचवीस टक्के. नत्र ३००, ईसी चारच्या वर. इथे रोपं त्रासणार हे गृहीत धरा.
५. नत्राची जोडी: बोअरच्या पाण्यात लिटरला ०.५७ ग्रॅम अमोनियम सल्फेट. त्यात २१ टक्के नत्र असतं, म्हणजे तिसऱ्या कॅनइतकंच नत्र, पण काळं पाणी नाही.
६. मिठाची जोडी: बोअरच्या पाण्यात लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास साधं मीठ, ईसी मीटर १.९५ दाखवेपर्यंत. इथे क्षार तिसऱ्या कॅनइतके, नत्र नाही.

तुमचे आकडे वेगळे येतील, गणित हेच. खिशातला ईसी मीटर दाट पाण्यात अडकतो. तसं झालं तर काळं पाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहापट पातळ करून मोजा आणि दहाने गुणा. थोडा फरक पडतो, पण कामापुरता चालतो.

तीन झाडं, सहा तऱ्हा, प्रत्येकी पाच पिशव्या: नव्वद पिशव्या झाल्या. जागा कमी असेल तर झाड कमी करा, पण पाचव्या-सहाव्या कॅनला कात्री लावू नका.

पायरी ५: रोपं आणि भाडेकरू

शिरीष आणि काशीदच्या बियांचं कवच कडक. उकळी आलेलं पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. करंजाला साध्या पाण्यात रात्रभर भिजवणं पुरतं, मात्र बी याच हंगामातलं हवं.

माती ज्या जागी झाडं लावायची तिथलीच, पण जिथे काळं पाणी पोचलेलं नाही अशा टोकाची. पाच किलो माती मावेल अशा पिशव्या घ्या. शेणखत जवळजवळ नको. नत्र आधीच मुबलक असेल तर साध्या पाण्यातल्या रोपालाही गाठी येणार नाहीत आणि तुलनाच मोडेल. पिशवीमागे पाचेक ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मात्र मातीत मिसळा.

जिवाणू कुठून आणायचे? दुकानात रायझोबियमची पाकिटं मिळतात ती सोयाबीन-हरभऱ्याची. करंजाला ती चालतीलच असं नाही. मी सोपं करतो: गावातल्या म्हाताऱ्या, निरोगी करंजाखालची बारीक मुळ्यांसकट ओंजळभर माती बादलीत कालवतो, गाळतो आणि प्रत्येक करंजाच्या पिशवीत पेलाभर ओततो. शिरीषाला शिरीषाखालची. काशीदलाही दोन्हींचं मिश्रण द्या, म्हणजे 'त्याला जिवाणू मिळालेच नव्हते' असं कुणी म्हणायला नको.

सहा ते आठ आठवडे सगळ्यांना साधं पाणी. मग जादा लावलेल्या दोन-तीन पिशव्या फोडून गाठी धरल्यात का बघा, आणि धरल्या असतील तरच काळं पाणी सुरू करा. पहिल्या दिवसापासून काळं पाणी घालणं हा वेगळा प्रश्न झाला: 'गाठी धरतात का?' आपण विचारतोय 'धरलेल्या गाठी टिकतात का?' डेपोवर आपण रोपवाटिकेत वाढलेलं रोप नेऊन लावतो, म्हणून दुसरा प्रश्न जास्त कामाचा.

पायरी ६: सहा महिन्यांची निगा

ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा, पाऊस डोक्यावर नको. उघड्यावर ठेवलेल्या माझ्या पहिल्या खेपेवर अवकाळी पावसाचा दीड तासाचा सडाका पडला. पिशव्यांतले क्षार धुऊन गेले आणि तीन महिन्यांचं काम वाया. तेव्हापासून वर प्लॅस्टिक, बाजू उघड्या.

आठवड्यातून एकदा प्रत्येक पिशवीला अर्धा लिटर त्या-त्या कॅनचं पाणी, एरवी गरजेपुरतं साधं. पिशवीखाली ताटली ठेवा. निथळलेलं पाणी परत त्याच पिशवीत ओता, नाहीतर कुणाला किती मिळालं याचा हिशेब राहत नाही.

वहीत दर पंधरा दिवसांनी उंची, जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर खोडाची जाडी (व्हर्नियर कॅलिपरने, पट्टीने नव्हे), पानांची संख्या. महिन्यातून एकदा मातीची ईसी: एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्ध्या तासाने. डोळ्यांनी दिसणारंही लिहा. जुन्या पानांच्या कडा आधी करपल्या तर संशय क्षारांवर. पंचवीस टक्क्यांच्या पिशवीत मातीवर पांढरट पापुद्रा चढतो. बोट फिरवलं की पिठासारखा लागतो. काळी माती असेल तर ओली असताना ती चिकट, बुळबुळीत होते आणि पाणी वरच साचून राहतं. सोडियम मातीचे कण सुटे करतोय त्याची ही खूण.

पायरी ७: उपटणं

सहा महिने झाले की एका दिवसात दहा-पंधराच पिशव्या घ्या. घाई केली की गाठी तुटतात. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवा. माती आपोआप सुटते. रोप ओढायचं नाही. उरलेली माती बारीक चाळणीवर धुवा, कारण निखळलेल्या गाठी तिथेच सापडतात.

गाठी मोजा, मग प्रत्येक रोपाच्या दहा गाठी ब्लेडने आडव्या कापा. गुलाबी ते लालसर म्हणजे कामावर. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे, गाठीत प्राणवायू बेताने पोचवणारा. पांढरी म्हणजे रिकामी किंवा अजून कोवळी. हिरवट, तपकिरी म्हणजे संपलेली. कापल्यावर लगेच बघा. जरा वेळ गेला की सगळ्याच तपकिरी दिसतात आणि मग वाद सुरू होतात. गाठींची नुसती संख्या फसवते. पन्नास पांढऱ्या गाठींपेक्षा आठ लाल बऱ्या.

मग मूळ, खोड-पानं आणि गाठी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ७० अंशाला ४८ तास वाळवून वजन. जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ओव्हन असेल का, विचारून बघा. तिथेच पानांतलं एकूण नत्र काढून घेतलंत तर करंजातल्या नत्रातून त्याच कॅनच्या काशीदमधलं नत्र वजा करून हवेतून किती धरलं याचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

निकाल कसा वाचायचा

तिसऱ्या आणि पाचव्या कॅनची करंज रोपं सारखीच उंच आणि दोन्हींच्या गाठी सारख्याच कमी, तर दोष विषाचा नाही, नत्राच्या भरमारीचा आहे. पाणी आणखी पातळ केलं किंवा पाळ्या लांबवल्या तर गाठी परत येऊ शकतात. तिसरा आणि सहावा सारखे खुरटले असतील तर क्षार हे कारण. तिथे क्षार सोसणारं झाड आणि निचरा हाच उपाय, पातळ करणं अर्धवट. तिसरा कॅन पाचव्या आणि सहाव्या दोन्हींपेक्षा वाईट असेल तर क्षार आणि नत्र मिळून मारतायत, किंवा तिसरंच काही आहे: प्राणवायूची ओढ, वायुरूप अमोनिया, धातू. मग सीओडी आणि धातूंचे अहवाल पुन्हा उघडा.

मुळांचं वजन खोड-पानांच्या मानाने किती, हेही बघा. तयार नत्रावर वाढलेलं रोप वर भारी आणि खाली हलकं होतं. उन्हाळ्यात पाणी तुटलं की असं झाड आधी मान टाकतं.

शेतात नेण्याआधीचा हिशेब

कुंडीत दहा टक्के सोसलं म्हणून हेक्टरभर लागवडीला तेच पाणी सोडायचं, असं होत नाही. दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी २५०० झाडं बसतात. झाडाला आठवड्याला दहा लिटर, पावसाळा सोडून ३५ आठवडे. वरच्या आकड्यांनी नत्र झालं हेक्टरी सुमारे १०५ किलो. बागायती गव्हाला शिफारस १२० किलोची आहे, आणि आपलं झाड तर स्वतःचं नत्र स्वतः मिळवणारं! जे झाड घेणार नाही ते नायट्रेट होऊन पहिल्या पावसात खाली जाणार. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पुण्याजवळ उरुळी देवाची-फुरसुंगीला डेपोमुळे विहिरी कशा गेल्या आणि लोक किती वर्षं रस्त्यावर उतरले, हे सांगायला नको. याच हिशेबाने वर्षाला हेक्टरी साधारण एक टन क्षार मातीत पडतात, आणि ते उडून जात नाहीत.

म्हणून माझं मत: काळं पाणी ओलिताला वापरायचं असेल तर आधी प्रक्रिया, तीही नसेल तर निदान खाली अस्तर असलेल्या वाफ्यातच. लागवड करायची ती डेपोच्या चढाच्या बाजूला किंवा झाकलेल्या ढिगावर. झाकलेल्या ढिगावर पाण्याइतकाच धोका वायूचा. आतून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. तो मुळांजवळचा प्राणवायू हाकलतो. खड्डा खणताना माती निळसर-काळी आणि कुजक्या वासाची लागली तर तो खड्डा बुजवा, दोन मीटर सरका. मुंबईत देवनारसारख्या, १९२७ मध्ये सुरू झालेल्या खाडीकाठच्या डेपोवर खारं पाणी आधीच आहे. तिथे गिरिपुष्पाच्या नादाला न लागता करंज आणि सुरू आधी आजमावा.

या पाण्यावर वाढलेल्या झाडाचा पाला शेळ्यांना घालू नका, गिरिपुष्पाचा पाला भातखाचरात नेऊ नका. हादग्याची फुलं भाजीला खुडणारे लोक असतील तर हादगा तिथे लावूच नका. फलक वाचून कुणी थांबत नाही.

प्रयोग संपल्यावर नव्वद पिशव्यांची माती उरते. ती रोपवाटिकेच्या मिश्रणात परत ढकलायचा मोह होतो. पहिल्या, पाचव्या आणि सहाव्या कॅनची माती एक-दोनदा धुऊन चालते. काळ्या पाण्याची माती आणि कॅनमधलं उरलेलं पाणी जिथून आणलं तिथेच, डेपोच्या साठवण टाकीत, परत नेऊन टाका. हातमोजे घालूनच.